प्रिझर्वेटिव्हवर उतारा म्हणून गोळ्या कशाला?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

सध्या घोडबंदर रोडकडच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नवीनच टूम निघालीय, पाकिटातल्या खाण्यातल्या प्रिझर्वेटिव्हने इम्युनिटीची वाट लागते म्हणून रोज अँटिऑक्सिडंटची (ऑक्सिडेशनने होणारं नुकसान रोखणाऱ्या पदार्थाची) गोळी घ्या, आणि खाली लगेच ऑर्डरची लिंक! आता यात अगदीच तथ्य नाही असं नाही. सोडियम बेंझोएट या प्रिझर्वेटिव्हचा डोस चढवला की लॅबमध्ये रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर, उंदरांवर वाईट परिणाम दिसलेत, आणि व्हिटॅमिन सी, ई किंवा हळदीतलं कर्क्युमिन अशी अँटिऑक्सिडंट दिल्यावर काही प्रयोगांत नुकसान कमी झालेलंही दिसलंय. पण काचेच्या बशीतल्या पेशी वेगळ्या आणि वडापाव खाऊन ८.१० ची लोकल पकडणारा ठाणेकर वेगळा, हे कोणी सांगत नाही.

गंमत अशी की हेच व्हिटॅमिन सी आंबट कोल्ड्रिंकमध्ये बेंझोएटसोबत पडून राहिलं आणि त्याला ऊन लागलं की थोडं बेंझीन तयार होऊ शकतं, आणि बेंझीन म्हणजे कॅन्सरला आमंत्रण. अमेरिकेत हे १९९० च्या सुमारास कळलं होतं, तरी २००६ च्या आसपास पुन्हा बोंबाबोंब झाली तेव्हा कुठे काही कंपन्यांनी फॉर्म्युला बदलला. आणि आपल्याकडे? भर मे महिन्यात दुकानाबाहेर उन्हात क्रेटवर क्रेट. उलट नायट्राइट हे प्रिझर्वेटिव्ह घातलेल्या सलामी-सॉसेजमध्ये व्हिटॅमिन सी नायट्रोसामाइन नावाची कॅन्सरकारक रसायनं बनायला अडवतं. म्हणजे एकच पदार्थ, इथे तारतो तिथे मारतो. फिनलंडमध्ये तर सिगारेट ओढणाऱ्यांना बीटा कॅरोटीनच्या (हेही गाजरातलं एक अँटिऑक्सिडंटच) गोळ्या दिल्या आणि फुफ्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी वाढला, १९९४ सालची गोष्ट.

युरोपात बेंझोएटची मर्यादा दिवसाला शरीराच्या वजनाच्या किलोमागे ५ मिलीग्रॅम धरतात, म्हणजे २० किलोच्या पोराला १०० मिलीग्रॅम. सॉस, जॅम, लोणचं, सरबत मिळून किती पोटात जातं याचा हिशोब कोण ठेवतो? (आवळा-कोकम खा की खुशाल, पण बाटलीतलं सरबत घेताना मागची बाजू वाचा.)

लेबलवर २११ म्हणजे सोडियम बेंझोएट, २०२ म्हणजे पोटॅशियम सॉर्बेट, २५० म्हणजे सोडियम नायट्राइट, आणि ३१९ म्हणजे टीबीएचक्यू, जो स्वतःच अँटिऑक्सिडंट आहे बरं का, तेलकट चिप्स खवट होऊ नयेत म्हणून टाकतात. हे आकडे मुंगीच्या अक्षरात, त्यातही इंग्रजीत. तुमच्या पेपरात महिन्यातून एकदा अशा नंबरांची मराठीत चौकट छापा ना, कापून फ्रिजवर लावता येईल. आणि अन्न व औषध प्रशासनाने उन्हातल्या त्या क्रेट्सकडे मे महिन्याआधी एकदा बघावं.

– एक वाचक, मानपाडा, ठाणे (प.)