मेस्त्री, तो लांब बोल्ट दादाला सापडला

मेस्त्री, सप्रेम नमस्कार.

हे पत्र शेडवर आणून हातात दिलं असतं, तर तुम्ही 'बरं बरं' म्हणून वेल्डिंगच्या रॉडच्या पुड्याखाली सारलं असतं आणि ते तिथंच राहिलं असतं. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. नाव घालत नाही, तुम्हाला ते रुचायचं नाही. गोव्यात डिचोलीकडे ज्यांच्या गाड्या तुमच्या हाताखालून गेल्यात ते ओळखतीलच.

इतरांना थोडं मागचं सांगायला हवं. आमची ४०७, म्हणजे टाटाचा छोटा ट्रक, पणजीजवळच्या मालिम जेटीवरून बेळगावला मासळी नेते. मागच्या पेटीतला थंडावा गाडीच्याच इंजिनवर चालतो: इंजिनच्या पुढच्या पुलीवरून बेल्ट आणि त्या बेल्टवर कॉम्प्रेसर. जुनं इंजिन धूर ओकायला लागलं, भरलेली गाडी चोर्ला घाट चढेना, तेव्हा दादानं टर्बोवालं इंजिन टाकायचं ठरवलं. वेळही बघून ठरवली. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी. ट्रॉलर जेटीला बांधलेले, गाडीला तसंही काम नसतं. इंजिन आलं, बसलं, आरसीवरच्या नोंदीचं वगैरे झालं. अडलं कॉम्प्रेसरवर. जुन्या इंजिनला तो जिथं बसायचा, नेमका तिथंच आता टर्बो आणि त्याचा तापणारा पाइप. कॉम्प्रेसर इंजिनला धरून ठेवणारं तयार ब्रॅकेट कुठलंच बसेना. म्हणजे घडवून घ्यायचं. 'एक प्लेटीचा तुकडा तर आहे,' असं ज्याला त्याला वाटायचं.

त्या तुकड्यानं आमची सगळी बंदी खाल्ली.

पहिल्या गॅरेजवाल्यानं माप असं घेतलंच नाही. नजरेनं अंदाज, पातळ पट्टी वाकवली, मध्ये अंतर राहिलं तिथं देवळाच्या दीपमाळेसारखी वॉशरची चळत, आणि वर वेल्डिंगचे ढीग. ढीग बघून मलाही भक्कम वाटलं होतं. पण सात-आठ किलोचा कॉम्प्रेसर एका बाजूनं लोंबकळत ठेवलेला. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन उभ्या जागी किती थरथरतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात कॉम्प्रेसरचा क्लच धरला की प्रत्येक वेळी झटका. पर्वरीपर्यंत जाऊन आलो, तर बोनेटखाली सगळीकडे बारीक काळी भुकटी. बेल्ट खरवडून निघाला होता, कारण दोन पुल्या एका रेषेतच नव्हत्या. मग ब्रॅकेट वेल्डिंगच्या कडेला तडकलं. विचारायला गेलो तर म्हणे, रस्ते खराब आहेत. रस्ते खराब आहेतच, पण ते तर आम्ही मापात धरून चालतो.

दुसऱ्यानं त्या तडकलेल्या जागेवरच आणखी वेल्डिंग ओतलं. बॅटरीची वायर काढणं दूरच, अर्थिंगचा चिमटा त्यानं थेट अल्टरनेटरच्या अंगाला लावला. दुसऱ्या दिवसापासून चार्जिंग बंद, डायोड गेले. बिल अर्थात आमच्या नावावर. तिसरा अ‍ॅडव्हान्स घेऊन गेला आणि फोन उचलेनासा झाला, त्याच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच आहे. आणि एक गोष्ट या तिघांची सारखी होती. हिशेब मी ठेवते, पैसे मी मोजते, पण मी काही विचारलं की उत्तर दादाकडे बघून मिळायचं.

तुमच्याकडे एका टिप्परवाल्यानं पाठवलं. खाणींच्या गाड्यांवर हात बसलेला माणूस आहे, म्हणाला. २०१२ ला खाणी थांबल्या, मध्ये सुरू झाल्या, २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. त्या वर्षांत तुमच्या शेडीसमोर टिप्पर उभ्याउभ्या कसे गंजले ते तुम्ही एकदाच बोललात, तेही दुसऱ्याच कशावरून तरी. तेवढ्यावरून मला कळलं की तुम्हाला हातातलं काम जाणं म्हणजे काय ते सांगावं लागणार नाही. आम्हाला १ ऑगस्ट गाठायचा होता.

तुम्ही आधी इंजिन सुरू करायला लावलंत आणि त्या तडकलेल्या ब्रॅकेटवर नुसता तळहात ठेवून उभे राहिलात. मी मागच्या तिघांची कहाणी सुरू केली, आवाज चढलाच होता माझा, तर म्हणालात, 'तें आसूं दी गो बाय, आतां फुडलें पळोवया.' ते राहू दे, आता पुढचं बघू. एकाही कारागिराला तुम्ही नावं ठेवली नाहीत. मी ठेवते आहे. मला तेवढं मन नाही.

पुढचं काम मी शेडीच्या बाकावरून पाहिलं. पुठ्ठ्याचा नमुना कापून इंजिनवर धरणं, तो पुन्हा कापणं, मग पुन्हा. बाहेर पाऊस कोसळत होता आणि वेल्डिंगचे रॉड तुम्ही एका डब्यात बल्बखाली ऊब देत ठेवले होते. ओलसर रॉडनं टाका धरतो, पण आतून पोकळ राहतो, हे तुम्ही मला समजावून सांगितलंत. मला, माझ्याकडे बघून. वॉशरच्या चळतीऐवजी लेथवर कातलेले बुश, म्हणजे नेमक्या मापाच्या जाड नळ्या, आले, एका बाजूला लोंबणाऱ्या कॉम्प्रेसरला खालून तिरका आधार आला. दोन्ही पुल्यांवर सुतळी ताणून तुम्ही एक डोळा मिटून बघत होतात, आणि पुन्हा खोलून केसभर सरकवत होतात, तेव्हा तुमचा पोरगा मागे कंटाळून उभा होता. झालं. ब्रॅकेट उत्तम झालं, गाडी पहिल्या फेरीला वेळेवर लागली, यासाठी आभार आहेतच. पण त्यासाठी मी एवढं लिहायला बसले नसते.

मागच्या आठवड्यात दादा रात्री एकटाच निघाला होता. क्लीनरला ताप. घाट चढून गेल्यावर बेल्ट तुटला. बेल्ट जुनाच होता, 'अजून चालेल' म्हणून दादानंच ठेवलेला. दुसरा सीटखाली होता. गाडी चालली असती, पण पेटी तापली असती आणि आत कोळंबी होती. पाऊस, काळोख, फोनला रेंज नाही.

आता एक गोष्ट जी दादा कुणाला सांगत नाही. जेटीवर घसरून पडला तेव्हा त्याच्या उजव्या मनगटात प्लेट बसवली आहे. गाडी चालवायला डॉक्टरांची हरकत नाही, स्टिअरिंग नीट धरतो. पण त्या हातानं जोर लावून पिळायला गेला की कळ येते आणि मूठ सुटते. आणि बेल्ट घालणं म्हणजे दोन हातांचं काम: एका हातानं पहार घालून कॉम्प्रेसर ओढून धरायचा, दुसऱ्यानं तेवढ्यात बोल्ट आवळायचा. क्लीनर असला की हे तो करतो आणि दादा 'जरा टायर बघतो' म्हणून मागे जातो. इतकी वर्षं हे असं चाललंय, कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही.

त्या रात्री तो पाना घेऊन वाकला आणि पहिल्यांदाच त्यानं तुमचं काम नीट बघितलं. पहार घालायला जागाच नव्हती. त्याऐवजी बाहेरच्या अंगाला एक लांब बोल्ट. तो फिरवला की कॉम्प्रेसर आपोआप मागे सरकतो आणि बेल्ट ताणला जातो, धरून ठेवावं लागत नाही. मागचे नट प्लेटीलाच वेल्डिंगनं जोडून टाकलेले, त्यामुळे दुसरा पाना लावायची गरज नाही. सगळे बोल्ट १७ च्या पान्याचे. आणि त्या लांब बोल्टचं डोकं अशा बाजूला वळवलेलं की उजव्या हातानं अवघड जावं, डाव्यानं सहज.

त्यानं डाव्या हातानं बेल्ट घातला, ताणला, आवळला आणि जांबोटीला पोचल्यावर मला फोन केला. मला वाटलं काही झालं. तो नुसता म्हणाला, 'अगं, एकट्यानं झालं.' मग बराच वेळ काही बोलला नाही. मीही नाही.

सकाळी मी तुम्हाला विचारलं, हे मुद्दाम केलंत का? तुम्ही म्हणालात, 'त्यानं चहाचा ग्लास डाव्या हातानं घेतला ना. मग?' आणि कुणी गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवलात.

चहाचा ग्लास! बाकावर आम्ही दोघं बसलो होतो, तुमच्या पोरानं ट्रे पुढे केला, दादानं उजवा हात मांडीवरच ठेवून डाव्यानं ग्लास उचलला. मी शेजारी होते, मला ते दिसलंही नाही, रोजचंच. तुम्ही पलीकडे व्हाइसवर, त्या लोखंडी पकडीवर, वाकलेले होतात. तुम्ही बघितलंत, आणि विचारलं नाहीत. 'हाताला काय झालं?' असं त्या पोरांसमोर विचारलं असतंत, तर दादा हसून काहीतरी थाप मारून उठला असता आणि पुन्हा तुमच्या शेडीची पायरी चढला नसता. मी ओळखते त्याला. काम झाल्यावरही सांगितलं नाहीत की बघ, तुझ्यासाठी असं असं केलंय. बेल्ट तुटला नसता तर आम्हाला कधीच कळलं नसतं, आणि तुमचं काही अडलंही नसतं.

मदत करणारे पुष्कळ भेटतात, मेस्त्री, आणि त्यांना नावं कशाला ठेवू, त्यांच्यावरच जग चाललंय. पण मदत घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही एवढं बघून करणारे फार थोडे. साखळीच्या बसला एक कंडक्टर होता, माझ्या आजीला उतरायला वेळ लागायचा तर तो तेवढ्यात उगाच सुटे पैसे मोजत बसायचा. आजीला शेवटपर्यंत वाटायचं, बिचारा हिशेबात कच्चा आहे. तुम्ही त्याच जातकुळीतले. अशी माणसं शिकवून तयार करता येतात का मला माहीत नाही, पण तुमचा तो पोरगा व्हाइसपाशी उभा असतो, त्यानं चार गोष्टी उचलल्या तरी डिचोलीचं भलं होईल.

आता व्यवहाराचं. बिल मी पुन्हा काढून बघितलं. प्लेट आहे, बुश आहेत, मजुरी आहे. तो लांब बोल्ट, टाकलेले नट आणि त्यासाठी गेलेला वेळ, यातलं काहीही नाही. हिशेब ठेवणाऱ्या माणसाला अशी खोट खुपते. पैसे पाठवले तर परत येतील हे उघड आहे. ऑगस्टच्या पहिल्या फेरीची विसवण, म्हणजे सुरमई, पाठवली तीही श्रावण म्हणून परत आली, आणि ती चूक माझी नव्हे, दादाची. त्याला दिनदर्शिका बघायची सवय नाही. तर चवथ होऊ दे. गणपती पोचवून झाले की पहिल्या फेरीला तो शेडीवर येईल, सोमवार-गुरुवार टाळून. काकींना सांगून ठेवा, मोठी विसवण आहे, तुकडे इथूनच करून पाठवू की अख्खी हवी तेवढं कळवा. आणि या खेपेला पेटी उघडायच्या आधी नको म्हणायचं नाही.

तुमची,
दादाची धाकटी बहीण, पेडणे