सरासरीत हरवलेली वरळी

‘वरळी मतदारसंघाची ओळख’ हा आपल्या अंकातील लेख वाचला. वरळीला ‘उच्चभ्रू आणि कामगारवस्तीचा संमिश्र मतदारसंघ’ म्हणून लेखक मोकळे झाले आहेत. पण हे मिश्रण नव्हे, एकाच हद्दीत शेजारी बसलेली तीन गावे आहेत. समुद्राकाठचा कोळीवाडा, ब्रिटिश काळातल्या सरकारी बीडीडी चाळी आणि गिरण्यांच्या जागेवरचे मनोरे. यांची सरासरी काढली, तर हाती येणारा ‘सरासरी मतदार’ प्रत्यक्षात कुठेच राहत नाही.

आधार म्हणून घेतलेली जनगणनाही 2011ची. मतदारसंघांच्या आजच्या सीमा तर 2001च्या जनगणनेवरून आखल्या गेल्या. त्या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या 33.38 लाखांवरून 30.85 लाखांवर आली आणि उपनगरांची 86.40 लाखांवरून 93.57 लाखांवर गेली. घर परवडेना म्हणून उपनगरांत गेलेली गिरणगावातली कुटुंबे आमच्या ओळखीत कमी नाहीत. (गणपतीला मात्र सगळे इथेच!)

आता बीडीडीतल्या 160 चौरस फुटांच्या खोलीतून पुनर्विकासातल्या 500 चौरस फुटांच्या घरात रहिवासी जाऊ लागले आहेत. त्या घराचा मासिक देखभाल खर्च निवृत्त माणसाला झेपेल का, हा इथला आजचा आर्थिक प्रश्न. जातनिहाय टक्केवारीला अर्धा रकाना देणाऱ्या लेखात त्यावर एक ओळही नसावी, हे खटकले. पुढील मतदारसंघांविषयी लिहिताना निदान वस्तीनिहाय चित्र द्यावे, ही विनंती.

– एक मतदार, वरळी