‘घूं घूं’ आवाज आणि चुकीच्या जागी धरलेला मीटर

संपादक महोदय,

घरात एकालाच ऐकू येणाऱ्या, कुठून येतो ते न कळणाऱ्या ‘घूं घूं’ आवाजाबद्दल आपल्या रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. भर होता अमेरिकेतल्या ताओस या गावावर. तिथे १९९३ मध्ये शास्त्रज्ञांनी पाहणी केली, सुमारे २ टक्के रहिवाशांना आवाज ऐकू येत होता आणि उगम सापडला नाही, हे खरेच. पण तिथल्याच इंडियाना राज्यातले कोकोमो शहर लेखातून सुटले. तिथे २००३ मध्ये तज्ज्ञांनी मोजमाप केले, तेव्हा एका कारखान्याच्या कूलिंग टॉवरचा पंखा ३६ हर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला ३६ कंपने) आणि दुसऱ्याचा कॉम्प्रेसर १० हर्ट्झवर घुमताना सापडला. दोन्हींचा बंदोबस्त झाला. तरी काहींची तक्रार उरलीच, त्याकडे शेवटी येतो. कॅनडातल्या विंडसरकरांना छळणारा आवाज तर नदीपलीकडच्या झग आयलंडवरच्या पोलाद कारखान्याच्या भट्ट्या २०२० मध्ये थंडावल्यावर थांबला.

आपल्याकडे अशी तक्रार मरते ती मीटरवर. नियमाप्रमाणे निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, पण ती खालचे सूर कमी धरणाऱ्या ‘ए’ मापनातली. हे मापन ५० हर्ट्झच्या आवाजातून ३० डेसिबल वजा करते. म्हणजे झोपेच्या खोलीत ५० हर्ट्झचा ६० डेसिबलचा सूर असेल, तर मीटर ३० दाखवणार आणि शेरा पडणार ‘मर्यादेत’. प्रत्यक्षात ५० हर्ट्झला सामान्य कानाचा उंबरठा ४४ डेसिबलच्या आसपास आहे. ६० चा सूर त्याच्या बराच वर गेला. हा उंबरठा माणसागणिक काही डेसिबलने खालीवर असतो, त्यामुळे सूर काठावरचा असला की नवऱ्याला ऐकू येतो आणि बायकोला नाही. यात भास कसला?

दुसरी चूक उभे राहण्याच्या जागेची. ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी ६.८ मीटर, निम्मी ३.४. खोली ११ फुटी असेल तर आवाज भिंतीलगत जोरात आणि मधोमध जवळजवळ नाहीसा. मोजणारा नेमका मधोमध उभा राहतो. पलंगाची उशी मात्र भिंतीला. मीटर उशीजवळ आणि कोपऱ्यात धरावा, ‘ए’ आणि ‘सी’ (खालचे सूर फारसे न कापणारे मापन) दोन्ही आकडे घ्यावेत. फरक २० च्या वर गेला तर खालच्या पट्टीतला आवाज आहे असे धरून २५ ते १०० हर्ट्झचे पट्टे वेगळे मोजावेत. जर्मनीत २० च्या फरकाचीच कसोटी लावतात. खिडक्या लावून घेतल्या की त्रास वाढतो, कारण काच रहदारीचा वरचा आवाज अडवते, खालचा आत सोडते.

उगम शोधायला आधी इन्व्हर्टर आणि मग फ्लॅटचा मेन स्विच बंद करा. फ्रिज आणि इन्व्हर्टर तिथेच निकालात निघतात. मग वॉचमनला पंप, लिफ्ट, पार्किंगचे पंखे पाच-पाच मिनिटे बंद करायला सांगा, पण क्रम तक्रारदाराला कळू देऊ नका. नाहीतर मनच उत्तर देते. वही ठेवा. वीज गेल्यावर आवाज जातो का? पुण्यात एमआयडीसीच्या सुट्टीच्या गुरुवारी तो थांबतो का? मोबाइलवरच्या सूर काढणाऱ्या ॲपने हेडफोन लावून सूर जुळवा. मोबाइलच्या स्पीकरला हा सूर झेपत नाही. १०० हर्ट्झ आला तर रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), ४८ च्या आसपास मिनिटाला २८८० फेऱ्यांची मोटार, २४ ला १४४० ची. पंख्यासाठी मिनिटाच्या फेऱ्यांना ६० ने भागून पात्यांच्या संख्येने गुणा.

गच्चीवरचा पंप सापडला की प्लंबर पातळ रबराची पट्टी सरकवतो आणि काम झाले म्हणतो. २४ हर्ट्झचा कंप तोडायला वजन पडल्यावर पॅड चार-पाच मिलिमीटर दबावा लागतो. तो दबलाच नाही तर स्लॅब तसाच थरथरतो. पॅड बरोबर बसवूनही पाइपची क्लिप भिंतीला कडक आवळलेली असेल, किंवा पाइप भिंतीतून जातो तिथे सिमेंट ठासलेले असेल, तर कंप पाइपमधून खाली उतरतो. पंपाला लवचिक जोड आणि क्लिपला रबरी अस्तर हवेच.

आता उरलेले लोक. कानात बोळे घातल्यावर आवाज अधिक स्पष्ट झाला, दूरच्या गावी मुक्कामातही तो सोबत आला, तर उगम कानात असण्याची शक्यता जास्त. अशांनी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा. टिनिटस, म्हणजे बाहेर आवाज नसताना कानात ऐकू येणारा नाद, खालच्या सुराचाही असतो.

पालिका आणि प्रदूषण मंडळाने निदान एवढे करावे: रात्रीच्या तक्रारीची तपासणी रात्रीच आणि झोपेच्या खोलीत व्हावी, आणि अहवालात ‘सी’ आकड्याचा रकाना असावा. चांगल्या ध्वनिमापकात ही सोय असतेच, फक्त बटण दाबायचे असते.

आपला,
एक ध्वनिमापन अभियंता, पुणे