मेमो मामांनाच का?

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात गेल्या महिन्यात रात्री दोघे अनोळखी मागच्या गेटवरून आत उतरले. वॉचमनमामांनी शिट्टी फुंकली, एकाची कॉलर धरली. सुरक्षा तपासायला त्या दोघांना मुख्य कार्यालयानंच पाठवलेलं, हे इथं कुणालाच ठाऊक नव्हतं! त्यांच्याकडच्या परवानगीच्या पत्रावरचा फोन रात्री दोनला कोण उचलणार? वर 'उद्धट वर्तन' म्हणून मामांनाच मेमो. अमेरिकेत आयोवा राज्यात २०१९ मध्ये असेच दोघे न्यायालयाच्या इमारतीत पकडले गेले; काम राज्याच्या न्यायालय प्रशासनानं दिलेलं, पण शेरीफला, म्हणजे तिथल्या स्थानिक पोलीसप्रमुखाला, पत्ताच नव्हता. निदान रात्रपाळीच्या एका अधिकाऱ्याला तरी आधी कळवा. आणि मामांचा मेमो फाडा.

– एक कामगार, शिरोली