दुकान आपलं, चावी दुसऱ्याकडं

संपादक साहेब, नमस्कार. आमच्या वहिनी पैठणीच्या उरलेल्या काठांच्या पर्स शिवतात, सगळी विक्री एका ॲपवरून, अन् ऐन दिवाळीच्या तोंडावर अकाउंटच बंद पडलं, चार वर्षांचे फोटो, मेसेज, ऑर्डरी सगळं गेलं अन् तक्रार करावी तर पलीकडं माणूसच नाही. ऑर्कुट २०१४ ला गेलं, टिकटॉक जून २०२० मध्ये, तरी आपण शहाणे होत नाही. स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, वर्षाला साधारण हजारभर रुपयांत येतं (एका पर्सचे पैसे!), देवनागरीत .भारत पण मिळतं. सोशल मीडिया वापरा की, पण फोटो अन् भाव आपल्या साइटवर, गिऱ्हाइकांचे नंबर आपल्या वहीत. वहिनींनी साइटवर पहिला फोटो टाकलाय, मोराच्या काठाचा, जरा हललाय.

— एक वाचक, पैठण