आई-बाबा, राजीनामा दिलाय

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर विषय काढला की आईचा आवाज भरून येतो आणि बाबा फोन दादाकडे देतात, म्हणून लिहितेय. माझा राजीनामा मंजूर झाला. आता दिवसभर पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर नेमबाजीचा सराव, आणि १० मीटरच्या जोडीला २५ मीटरचं पिस्तूलही.

पैशांचं टेन्शन घेऊ नका. थोडी शिल्लक आहे, शिवाय संध्याकाळी लहान मुलांना शिकवायचं काम मिळालंय. बाबा, नोकरी सांभाळून सराव होतच होता, पण तो दमलेल्या हाताने. १० मीटरला सव्वा तासात ६० शॉट, सगळे एका हाताने, आणि दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. २५ मीटरच्या रॅपिडमध्ये हात खाली धरून थांबायचं, इशारा झाला की तीन सेकंदांत हात वर, नेम, ट्रिगर. सात सेकंद हात खाली, की पुन्हा तेच. हे अंगात मुरायला रोज सकाळची ताजी वेळ लागते, ऑफिसातून उरलेली नाही. आई, आता हे करायचं वय राहिलं नाही म्हणालीस ना? आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने याच प्रकारात २०१८ ला जकार्ता-पालेम्बांगच्या एशियाडमध्ये सुवर्ण जिंकलं, तेव्हा ती २७ वर्षांची होती.

१० मीटरच्या एअर पिस्तुलाला परवाना लागला नव्हता, या २५ मीटरच्याला लागतो. चौकशीला पोलीस घरी आले तर घाबरून जाऊ नका, चहा द्या आणि विचारतील ते सांगा. परवाना होईपर्यंत रेंजवरचंच पिस्तूल वापरायचंय. खोलीवर असलं काही ठेवणार नाही, आई, शपथ.

जेवणाचं व्यवस्थित आहे. खोलीवर आम्ही दोघी आहोत, गॅस आहे, दूध रोज येतं. शेंगाचटणी पुरवून खातेय, कडक भाकऱ्या मात्र मैत्रिणीनेच संपवल्या. आपली चादर आहे, थंडी वाजत नाही.

बाबा, तुम्ही हॉलच्या भिंतीवर काळा ठिपका काढून दिला होता, आठवतो? मी भरलेली पाण्याची बाटली त्याच्यासमोर धरून उभी राहायची आणि तुम्ही कारखान्यातून आलात की चपला न काढता दारातूनच माझं मनगट बघायचात. हललं की नुसतं "हं" म्हणायचात. आई भिंत खराब केली म्हणून ओरडायची, आणि दिवाळीत रंग देताना तेवढा ठिपका तिनेच सोडायला लावला. तुम्ही दोघांनीच मला इथवर आणलंय, त्यामुळे तुमच्यापासून लांब जायला निघालेय असं मनात सुद्धा आणू नका.

आता ऐका. बाबा, बीपीची गोळी सकाळीच घ्यायची, "बरं वाटतंय" म्हणून बंद करायची नाही. दुपारच्या उन्हात सिद्धेश्वराला चालत जायचं नाही, सकाळी जा नाहीतर रिक्षा करा. आई, मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्या स्पर्धेसाठी पुढे ढकलायचं नाही. तारीख घे, मी त्या आठवड्यात येते, सराव तेवढा मागे पडला तर पडू दे. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत, गड्ड्याला आणि अक्षता सोहळ्याला मी आहेच.

बाबांच्या शुगरचा रिपोर्ट दादाला व्हॉट्सॲपवर टाकायला सांगा. फोटो हवा, "नॉर्मल आहे" एवढं चालणार नाही.

तुमची,
छकुली