उद्यमनगरातल्या पॅटर्नवाल्या मामांना थँक्यू

मामा, नमस्कार. तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "चहा घे" म्हणून विषयच बदलता, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितोय. नाव टाकत नाही, फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, करणारे मामा म्हटलं की कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

आपलं स्पिटफायर, दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं रिमोटवर उडणारं मॉडेल, झालं एकदाचं! १/६ स्केल, खऱ्याचा पंख ३६ फूट १० इंच, आपला सहा फुटाच्या जरा वर. बाल्साचं हलकं लाकूड कापणं, पंखाची पाती हलवणाऱ्या सर्व्हो मोटर बसवणं हे व्हिडिओ बघून जमतं हो, सगळं अडलं होतं ते कॅनॉपीवर, म्हणजे पायलटच्या डोक्यावरच्या काचेवर. नंतरच्या स्पिटफायरना पायलटला मान वळवून मागं बघता यावं म्हणून फुगीर काच दिली, माल्कम हूड म्हणतात तिला, आणि ती दोन्ही बाजूंनी फुगलेली, त्यामुळं प्लॅस्टिकची गरम शीट लाकडी ठोकळ्यावर ओढली की गार होताना अशी आवळून बसायची की निघायचं नावच नाही. तुम्ही ठोकळा हातात घेऊन दोनदा फिरवला आणि म्हणालात, "लूज पीस पाहिजे ह्याला." बस्स. फौंड्रीत पॅटर्नचा वाळूच्या साच्यात अडकणारा भाग सुटा ठेवायचा हे तुमचं रोजचं काम, पण विमानाच्या काचेला ते लावायचं कुणाच्या डोक्यात येणार? सागवानाचे तीन तुकडे, मधली पाचर आधी काढायची, मग दोन्ही गाल आत सरकून अलगद बाहेर. आणि फिनिश तर लईच भारी, लाकडाची एक शीर पण शीटवर उमटली नाही.

पंखाचंही तेच. स्पिटफायरचा पंख मुळाशी अधिक २ अंश आणि टोकाला उणे अर्धा, म्हणजे अडीच अंशांचा पीळ असतो, त्यामुळं स्पीड उतरला तरी टोक आधी स्टॉल होत नाही, म्हणजे त्याची उचल आधी जात नाही, नाहीतर लँडिंगला एक पंख खाली आणि विषय संपला. हा पीळ डावीउजवीकडं सारखाच पाहिजे. तुम्ही सरफेस प्लेटच्या सपाट पाटावर उंची मोजायचं हाईट गेज लावून पंखाची एकेक रिब, म्हणजे आडवी फासळी, तपासलीत, वर "बिडाचं काम ह्यापेक्षा सोपं" म्हणून मलाच शिव्या घातल्यात. (घाला, चालतंय.)

आता पुढं हरिकेन लढाऊ विमान करायचंय, १९४४ ला इंफाळला अर्जन सिंगांची भारतीय हवाई दलाची १ नंबर स्क्वाड्रन उडवत होती ते. मागचं अंग कापडी असतंय, ते मी बघतो, पण नाकाचा ठोकळा तुमच्याकडंच येणार आणि ह्यावेळी पैसे घ्यायचे, नाहीतर दुसरीकडं जाईन. जाणार नाही म्हणा, पण घ्या.